बिनवासाच्या चादरी

एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या,
दोघांच्या भांडणात आमची देवबागची विहीर
मधल्यामध्ये मचूळ झालेली.
त्या पाण्यात पावडर फेसाळत नाही,
म्हणून एकाच्या जागी दोन मापं,
दोनाच्या जागी अडीच,
आणि वरून त्या निळ्या बाटलीतलं बुचभर,
जिच्यावर छापलंय 'डोंगरातली सकाळ'.
देवबागेत डोंगर कुठला?
पण पाहुण्यांना आवडायचं.
दोन खोल्या, चार पलंग, दर सोमवारी सोळा नग,
आणि आख्ख्या आवारात
कुणी अत्तराची बाटली फोडल्यासारखं.

धुण्याचं पाणी नळीनं अळवाला जायचं.
आधी अळवाच्या कडा जळल्या.
मी उन्हाला बोल लावला.
मग दीपश्रीच्या कोपराच्या खोबणीत लाल चट्टे,
खाजवून खाजवून रात्री उशीवर रक्ताचे ठिपके.
मालवणच्या डॉक्टरीणबाई मलम लिहिता लिहिता म्हणाल्या,
कपडे कशात धुता?
मी अभिमानानं सांगितलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

कुडाळच्या बाजारात रिठे मिळाले,
हळकुंडांच्या ढिगाआड, धूळ खात बसलेले.
रात्री भिजवले, सकाळी उकळले, जुन्या पंचातून गाळले,
आणि काय सांगू, त्याच मचूळ पाण्यात
हा मोठा फेस!
जसं काही पाणी इतकी वर्षं
फक्त कुणी नीट विचारायची वाट बघत होतं.

हुरूप आला. आठवड्याचं एकदम करून ठेवलं.
चौथ्या दिवशी बाटलीचं बूच छपराला लागलं.
हे आतून ओरडले,
"ह्या काय, माडी काढलंस?"
त्यांचा लग्नाकार्याचा पांढरा शर्ट
सायीच्या रंगाचा झाला तो झालाच.
चादरीवर सांडलेल्या सोलकढीला मी सोडा चोळला,
तर गुलाबी डाग माझ्यादेखत निळा-हिरवा पडला.
हळदीचं निराळंच:
साबण लावला की रागानं लाल होते,
आणि उन्हात टाकून विसरून गेलं
की दोन दिवसांत आपली आपण निघून जाते.
काही माणसंही अशीच असतात.
आमच्या घरातलंच एक आहे.

आणि मग वास. म्हणजे नसलेला.
डोंगरातली सकाळ गेली, तेव्हा कळलं
की शेजारच्या सुगंधाची सुंगटं
आमच्या दोरीपासून सात पावलांवर वाळतात.
इतकी वर्षं बाटलीनं तिला झाकून ठेवलं होतं.
मी म्हटलं, सोमवारचा दिवस मला दे.
ती म्हणाली, "मगे माझी सुंगटा खंय सुकतली?"
वाद तीन सोमवार चालला,
चौथ्याला तिनं खाट उचलून वाऱ्याखाली नेली
आणि जाता जाता वाडगाभर रिठ्याचं पाणी मागितलं.
कशाला, ते सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात नाशिकच्या एक बाई
उशीत नाक खुपसून म्हणाल्या,
ताई, ही धुतलेली आहे ना? वास येत नाहीये.
मी खाली आले, कपाटामागची बाटली काढली,
अर्धी होती अजून, बूच फिरवलं,
आणि सटासट पाच शिंका.
तशीच परत ठेवली. फेकायची कुठे?
खाडीत तर नाहीच.

दीपश्रीचे चट्टे फिकटले. आंब्याच्या दिवसांत येतात थोडे.
सगळंच काही चादरीचं पाप नव्हतं.
त्या बाईंना रात्री जेवणात अळूवडी वाढली,
नळीच्या तोंडाशी आलेल्या नव्या पानांची.
त्यांनी दोनदा मागून घेतली,
डोळे मिटून म्हणाल्या,
वास काय सुंदर येतोय हो.